मुंबईत क्लिनिकल ट्रायल शोधायची असेल तर सीटीआरआयपासून सुरू करा: माझा आठ महिन्यांचा अनुभव

मला सहा वर्षं झाली डायबेटीस आहे, वय ४९, राहायला काळाचौकी, आणि गेल्या वर्षी ठरवलं की आपल्याला जमेल अशी एखादी क्लिनिकल ट्रायल, म्हणजे औषध किंवा उपचार माणसांवर तपासून बघायचा अभ्यास, शोधायची आणि त्यात नाव द्यायचं. आता ते झालंय, मी एका ट्रायलमध्ये आहे, पण तिथपर्यंत पोचायला आठ महिने गेले आणि त्यातले पहिले दोन तर चुकीच्या दारात उभं राहण्यात गेले. म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. रिव्ह्यू मुख्यतः सीटीआरआयच्या साइटचा आहे, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, पण बाकीच्या रस्त्यांबद्दल पण लिहिते कारण लोक आधी तिकडेच जातात.

ट्रायलमध्ये जावंसं का वाटलं ते आधी सांगते, नाहीतर लोक विचारतात पैशासाठी का. माझी मावशी झोपडपट्टीत राहायची, तिच्या वस्तीत नव्वदच्या दशकाच्या शेवटी टाटा हॉस्पिटलच्या बायका यायच्या, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करायला. काही मोठं मशीन नाही, व्हिनेगरमध्ये असतं ते ॲसेटिक ॲसिड पातळ करून लावायचं आणि पांढरा डाग दिसतो का ते बघायचं, आणि बघणाऱ्या बायका दहावी वगैरे शिकलेल्या, ट्रेनिंग दिलेल्या. मावशी लाजायची, तरी दर दोन वर्षांनी जायची. मुंबईतल्या जवळपास दीड लाख बायका त्या अभ्यासात होत्या आणि २०१३ मध्ये निकाल आला की तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. मावशीला हे मी वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माझं पण त्यात आहे की." ते माझ्या डोक्यात बसलं. आज मी जी डायबेटीसची गोळी, मेटफॉर्मिन, खाते ती पण कोणीतरी माझ्याआधी ट्रायलमध्ये खाल्लीच असेल ना.

तर पहिले दोन महिने. मी काय केलं, फोनवर सर्च केलं आणि जे पहिलं आलं त्यात माहिती भरली. एक साइट होती, नाव घेत नाही, "जवळची ट्रायल शोधा" असं लिहिलेलं, त्यात वय, वजन, आजार, सगळ्या गोळ्यांची नावं, फोन नंबर, एवढंच काय रिपोर्टचा फोटो पण मागितला. मी दिला. पुढच्या आठवड्यापासून फोन सुरू, शुगर रिव्हर्स करायचं पॅकेज घ्या, अमुक पावडर घ्या, ट्रायलचा एकही फोन नाही. माझे रिपोर्ट कोणाकोणाकडे गेले देव जाणे, त्याचं मला अजून वाईट वाटतं. दुसरं, भाच्याने एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ॲड केलं, तिथे एक माणूस रोज मेसेज टाकायचा, "हेल्दी मेल १८ ते ४५, दोन दिवस राहणं, चांगले पैसे, आधार घेऊन या". कुठलं औषध, कुठली कंपनी, कुठली कमिटी, एक अक्षर नाही. मी डायबेटीसबद्दल विचारलं तर म्हणाला "सांगायचं नाही मॅडम, चालून जातं". मी तिथल्या तिथे ग्रुप सोडला आणि भाच्याला पण सोडायला लावला. आजार लपवून कोणी औषधाच्या चाचणीला बसलं तर त्याच्या जिवाला धोका आणि चाचणीचे आकडे पण खोटे, आणि असं सांगणारा माणूस तुमचा नसतो.

मग आमच्या लालबागच्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं. खरं तर त्यांनाच आधी विचारायला हवं होतं. ते म्हणाले सीटीआरआयवर बघा, तिथे नोंद नसेल तर त्या ट्रायलकडे वळून पण बघू नका. त्यांनी नाव चिठ्ठीवर लिहून दिलं, औषधं लिहितात त्याच चिठ्ठीवर.

सीटीआरआय म्हणजे सरकारी नोंदवही. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद, तिची जी वैद्यकीय आकडेवारीची संस्था आहे दिल्लीत, ती चालवते, जुलै २००७ पासून आहे. २००९ च्या जूनपासून औषध नियंत्रकांनी ट्रायलची नोंदणी सक्तीची केली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंद करावी लागते, नंतर मागाहून चालत नाही. हे महत्त्वाचं का, तर निकाल आवडला नाही म्हणून अभ्यास गुपचूप गायब करता येऊ नये, किंवा मोजायचं एक ठरवलं होतं आणि दाखवलं दुसरंच असं होऊ नये. बघायला एक पैसा लागत नाही, लॉगिन नाही, तुमचं नाव गाव विचारत नाही. पहिल्या साइटच्या अनुभवानंतर मला यातच हायसं वाटलं. तुम्ही बघताय हे कोणाला कळत पण नाही.

आता वापरायला कशी आहे. हे आधीच लक्षात घ्या की ही नोंदवही मुळात डॉक्टर आणि संशोधकांची आहे, इंग्रजीत आहे, पेशंटला हात धरून नेणारं ॲप नाहीये. मी मुलीला शेजारी बसवलं, रविवार दुपार, जेवणं आवरून. नुसतं डायबेटीस टाकलं तर ढीगभर नोंदी आल्या, त्यात संपलेल्या, आयुर्वेदाच्या, फिजिओथेरपीच्या, योगाच्या, नुसतं निरीक्षण असलेल्या, सगळ्या. घाबरून बंद करू नका, दोनतीन नोंदी नीट वाचल्या की बाकीच्या पाच-पाच मिनिटांत वाचून होतात कारण प्रत्येक नोंद एकाच साच्यात असते.

माझी वाचायची पद्धत सांगते. सगळ्यात आधी शेवटाकडे जायचं, भरतीची स्थिती, आणि ती दोन ठिकाणी असते, जगात आणि भारतात, आपण भारतातली बघायची. ओपन असेल तरच पुढे. मग वरती परत यायचं आणि नोंद शेवटची कधी बदलली ती तारीख बघायची, दोन वर्षं जुनी असेल तर ओपन लिहिलेलं असलं तरी फोन करून खात्री करायची. मग साइट्सची यादी, म्हणजे कुठल्या शहरात कुठलं हॉस्पिटल, यात मुंबई आहे का. आम्ही एक ट्रायल पूर्ण वाचली, खूश झालो आणि मग बघितलं तर सेंटर सगळी हैदराबाद, लखनौ आणि नागपूर. अर्धा तास गेला. त्यानंतर आम्ही साइटची यादी आधी बघायला लागलो.

मग येतं कोणाला घेणार आणि कोणाला नाही घेणार. हे दोन रकाने म्हणजे सगळ्याचा जीव आहे. वय किती ते किती, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) किती ते किती, कुठली गोळी चालू असली पाहिजे, किती महिने डोस बदललेला नसला पाहिजे. आणि नको असलेल्यांमध्ये किडनी, लिव्हर, गरोदरपण, इन्सुलिन, गेल्या तीन महिन्यांत दुसरी ट्रायल केलेली. मुलीने एका कागदावर माझे आकडे लिहिले, वजन, एचबीएवनसी ८.१, क्रिएटिनीन, मेटफॉर्मिनचा डोस, बीपीची गोळी, आणि तो कागद कीबोर्डच्या बाजूला ठेवून आम्ही एकेक ओळ जुळवत गेलो, जुळली की पेन्सिलीने टिक. पत्रिका जुळवावी तसं चाललं होतं अगदी. तुमच्याकडे ताजे रिपोर्ट नसतील तर आधी ते काढा, नाहीतर हे सगळं अंदाजाने होतं.

या दोन रकान्यांच्या वरती लिहिलेलं असतं की कशाची कशाशी तुलना. एका गटाला नवीन औषध, दुसऱ्याला काय, जुनं औषध की प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली गोळी. हा रकाना कोणी वाचत नाही आणि मला वाटतं सगळ्यात आधी हाच विचारला पाहिजे, दुसऱ्या गटाचं काय. मावशीच्या त्या अभ्यासात दुसऱ्या गटातल्या बायकांना कॅन्सरची माहिती दिली होती पण तशी नियमित तपासणी नव्हती, त्यावर नंतर बराच वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. मावशी तपासणीच्या गटात होती म्हणून मला तो अभ्यास गोड वाटतो, शेजारच्या वस्तीतल्या बाईला काय वाटलं असेल हे पण मनात ठेवावं लागतं.

अजून दोन गोष्टी नोंदीत बघते. एक एथिक्स कमिटीची, म्हणजे भाग घेणाऱ्यांचं हित जपलं जातंय का ते बघणाऱ्या समितीची मान्यता, कुठली कमिटी आणि मान्यता मिळाली की अजून विचारात आहे. दोन, औषध नियंत्रकांची परवानगी, मिळाली की लागू नाही. नवीन औषध असेल आणि तिथे परवानगी दिसत नसेल तर विचारा का ते. आहाराचा किंवा व्यायामाचा अभ्यास असेल तर ती लागू नसणं साहजिक आहे. आणि हे पण लक्षात घ्या की सीटीआरआयवर नाव आहे म्हणजे सरकारने ती ट्रायल चांगली म्हणून शिक्का मारला असं होत नाही, ती नोंद आहे, मान्यता देणारे वेगळे. माझ्या नणंदेचा हाच गैरसमज होता.

फोन नंबर आणि ईमेल नोंदीतच असतात, प्रमुख संशोधकाचा, आणि लोकांच्या प्रश्नांसाठी एक वेगळा माणूस दिलेला असतो, आपण त्याला करायचा. आम्हाला मुंबईतल्या सात सापडल्या. सातपैकी दोन नंबर लागलेच नाहीत. एका मोठ्या प्रायव्हेट हॉस्पिटलात लागला तो थेट बिलिंगला, तिथून चार जणांकडे फिरवला आणि शेवटी ऑपरेटर म्हणाली असं काही आमच्याकडे नाही, हॉस्पिटलचं नाव नोंदीत मी समोर वाचतेय तरी. एका ठिकाणी भरती संपलेली होती, नोंदीत अजून ओपन, ज्यांनी बदलायचं त्यांनी बदललं नव्हतं. हे मला फार लागलं, कारण पेशंट माणूस आशेने फोन करतो, कॅन्सरवाला असेल तर त्याच्याकडे वेळ नसतो, आणि दोन मिनिटांचं काम आहे हो नोंद अपडेट करणं. उरलेल्या तिघांनी मात्र नीट उत्तर दिलं, त्यातल्या एकीने तर मी विचारायच्या आधीच सांगितलं की ताई यात प्लासिबो आहे, विचार करून या.

फोनवर बोलायचा शब्द म्हणजे "कोऑर्डिनेटर", ट्रायलचं रोजचं काम बघणारा माणूस. डॉक्टर द्या म्हटलं की ओपीडीत या म्हणतात, रिसर्च द्या म्हटलं की गोंधळतात, पण अमुक डॉक्टरांच्या ट्रायलचे कोऑर्डिनेटर द्या म्हटलं की बरोबर माणूस येतो. आणि सीटीआरआयचा नंबर वाचून दाखवायचा, त्यात वर्ष आणि महिना असतोच, समोरच्याला लगेच कळतं की ही बाई वाचून आलीय.

पहिल्या ठिकाणी मी स्क्रीन फेल झाले, म्हणजे निवडीच्या तपासणीत बसले नाही. हा त्यांचा शब्द, ऐकायला परीक्षेत नापास झाल्यासारखा वाटतो आणि मी घरी येऊन रडले पण. हिमोग्लोबिन ९.६ आलं, त्यांना किमान १० हवं होतं. पण त्या डॉक्टरांनी मला दहा मिनिटं बसवून समजावलं की लोह कमी असेल तर एचबीएवनसी पण खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतं, आधी हे सुधारा. इतकी वर्षं थकवा येतो म्हणून मी शुगरला दोष देत होते. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या, अळीव, पालक, खजूर सगळं केलं, ११.४ झालं. म्हणजे ट्रायल मिळाली नाही तरी त्या एका सकाळीने मला काहीतरी दिलंच.

दुसरी ट्रायल मिळाली ती परळ भागातल्या एका हॉस्पिटलात, नाव लिहीत नाही कारण ट्रायल चालू आहे. तिथल्या संमतीच्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण चांगली जागा कशी ओळखायची हे मला त्या दिवशी कळलं.

ओपीडीच्या गर्दीतून मागच्या बाजूला छोटी खोली, टेबल, तीन खुर्च्या, फ्रिज ज्यावर तापमानाचा कागद चिकटवलेला. कोऑर्डिनेटर मुलगी पंचविशीची, तिने मराठीतलं माहितीपत्रक समोर ठेवलं, सोळा पानं. मी म्हटलं सही कुठे करू. तिने पेन माझ्या हातातून काढून घेतलं आणि टोपण लावून बाजूला ठेवलं. म्हणाली, "आज सही नाही काकी, आज फक्त वाचायचं, घरी न्या, काकांना दाखवा, मग या." मी घरी नेलं. चार दिवस ते फ्रिजवर होतं, मी पेन्सिलीने खुणा केल्या, एकवीस प्रश्न निघाले. पुन्हा गेले तेव्हा डॉक्टरांनी एकवीसच्या एकवीस प्रश्नांची उत्तरं दिली आणि मग मलाच उलट विचारलं, सांगा बघू तुम्हाला काय समजलं, औषध कोणाला मिळणार हे कोण ठरवणार. मी म्हटलं तुम्ही. ते म्हणाले नाही, मला पण कळणार नाही, कम्प्युटर ठरवणार, ना तुम्हाला माहीत ना मला. मग परत समजावलं. तेव्हा मला पटलं की हे लोक सही गोळा करायला बसलेले नाहीत.

त्या कागदात काय असलंच पाहिजे ते २०१९ च्या नियमांत आहे, नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियम, मार्च २०१९ मध्ये आले. कधीही बाहेर पडता येतं आणि पडलात म्हणून तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. ट्रायल चालू असताना काही इजा झाली तर इलाज फुकट, आणि इजा ट्रायलमुळेच असेल तर भरपाई वेगळी. एथिक्स कमिटीत कमीत कमी सात माणसं, त्यात एक तरी बाई, कायद्याचा माणूस आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा साधा माणूस पण हवा. गंभीर काही झालं तर डॉक्टरांनी २४ तासांत कळवायचं असतं. आणि सही केलेली प्रत तुमच्या हातात मिळाली पाहिजे, ती मागून घ्या. फॉर्ममध्ये शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारतात, माझा नवरा त्या नॉमिनीच्या रकान्यावर अडला, म्हणाला म्हणजे काय धरून चाललेत हे लोक. तो रकाना सगळ्यांसाठी असतो, नियमातच आहे, बँकेत खातं उघडताना असतो तसाच.

नवऱ्याचा विरोध होताच. "आपण काय उंदीर आहोत का" हे वाक्य मी आठवडाभर ऐकलं. त्याची भीती खोटी नव्हती. या देशात गरिबांना न सांगता, नुसता अंगठा घेऊन ट्रायल झाल्याच्या तक्रारी सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या होत्या, २०१३ मध्ये कोर्टाने सरकारला कडक व्हायला लावलं, आणि म्हणूनच आता काही ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या माणसांची संमती घेताना व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं. आणि मुंबईला हे नवीन नाही, हाफकिनने १८९७ च्या जानेवारीत प्लेगची लस याच शहरात आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना दिली, ते पण स्वेच्छेने आले म्हणतात, पण कैद्याची स्वेच्छा किती मोकळी असणार. आज कैद्यांना वेगळं संरक्षण आहे ते याचसाठी. मी नवऱ्याला हे सगळं सांगितलं आणि २०२० ची आठवण दिली, केईएम आणि नायरमध्ये कोविशील्डच्या ट्रायलला लोक उभे राहिले तेव्हा आपण दोघांनी घरात बसून टाळ्या वाजवल्या होत्या. शेवटी तो स्वतः माझ्याबरोबर आला, त्याने डॉक्टरांना सरळ विचारलं की तुमच्या बायकोला घेतलं असतं का यात. डॉक्टर थोडं थांबले, म्हणाले, तिला डायबेटीस असता आणि हे आकडे असते तर तिलाही मी हाच कागद चार दिवस घरी वाचायला दिला असता, ठरवलं तिने असतं. नवरा परत येताना लोकलमध्ये काही बोलला नाही, पण पुढच्या व्हिजिटला डबा त्यानेच भरला.

आता प्रत्यक्ष कसं चाललंय. २४ आठवडे, सात व्हिजिट, सकाळी उपाशीपोटी जायचं. मेटफॉर्मिन चालूच, वर एक गोळी, ती खरी की प्लासिबो मला माहीत नाही, शुगर ठरावीक मर्यादेच्या वर गेली तर जादा औषध देतात हे आधीच ठरलेलं आहे. ग्लुकोमीटर आणि पट्ट्या दिल्या, एक डायरी दिली, त्यात रोज लिहायचं. प्रत्येक व्हिजिटला रिकाम्या स्ट्रिप आणि उरलेल्या गोळ्या परत न्यायच्या, ती मुलगी स्टीलच्या ट्रेमध्ये ओतून एकेक मोजते, बोटाने सरकवत, ओठ हलत असतात. एकदा दोन गोळ्या जास्त निघाल्या. मी सांगणार नव्हते खरं तर, लग्नाला गेलो होतो कोल्हापूरला आणि राहिल्या. ती रागावली नाही, तारीख विचारली आणि जसंच्या तसं लिहून घेतलं. म्हणाली खोटं लिहिलं तर औषधाचा गुण पण खोटा निघतो. त्यानंतर मी एकही चुकवली नाही.

पैशाचं विचाराल तर ट्रायलचं औषध आणि तपासण्या फुकट, प्रवासाचे म्हणून व्हिजिटला पाचशे मिळतात, एवढंच. आणि हे एवढंच असणं बरोबर आहे असं मला वाटतं, पैसा इतका नसावा की माणूस धोका विसरून सही करेल. निरोगी तरुण मुलांसाठीच्या ज्या असतात, जेनेरिक गोळी मूळ औषधासारखीच रक्तात उतरते का ते बघणाऱ्या, तिथे मोबदला जास्त असतो कारण राहायला लागतं, रात्रभर उपाशी, हाताला सुई लावून ठेवतात आणि दिवसभरात पुष्कळ वेळा रक्त काढतात, मग मध्ये काही दिवस सोडून परत तेच, दुसऱ्या गोळीसाठी. त्या पण कायदेशीर आहेत, गरजेच्या आहेत, स्वस्त औषधं त्यामुळेच बाजारात येतात. पण काही मुलं एक संपली की लगेच दुसऱ्या सेंटरला जातात, मधले महिने न सोडता, आधीचं सांगत नाहीत, आणि भाच्यासारख्या पोरांच्या आयांनो, यावर लक्ष ठेवा. अंगात आधीचं औषध असताना दुसरं गेलं तर काय होईल ते कोणी सांगू शकत नाही.

बाकीच्या साधनांबद्दल थोडक्यात. अमेरिकन सरकारची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह आहे, २००० सालापासून, ती वापरायला सोपी, शहर टाकता येतं आणि मोठ्या कंपन्यांच्या भारतातल्या ट्रायल त्यात पण सापडतात, पण इथल्या मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांचे छोटे अभ्यास बरेचसे सीटीआरआयवरच दिसतात. दोन्ही बघा. आणि कॅन्सर असेल तर साइट वगैरे नंतर, आधी आपल्या ऑन्कोलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, तोंडाने विचारा की मला लागू पडणारी ट्रायल आहे का, टाटात आणि त्यांच्याच खारघरच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, ॲक्ट्रेकमध्ये, कायम काही ना काही चालू असतं, ती आयआयटी बॉम्बेबरोबर केलेली कार-टी उपचारपद्धती (पेशंटच्याच रक्तातल्या पेशी बदलून कॅन्सरशी लढायला परत देतात ती), जिला २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ती पण आधी पेशंटवर ट्रायल होऊनच आली. डॉक्टर गर्दीत स्वतःहून सांगत नाहीत, विचारलं की सांगतात.

रेटिंग द्यायचं तर सीटीआरआयला पाचपैकी चार. एक कमी कारण मराठीत नाही, आणि मुलगी नसती तर मी पहिल्याच पानावर थांबले असते. ज्यांना इंग्रजी जमत नाही त्यांनी घरातल्या कॉलेजच्या मुलांना बसवा, एक रविवार पुरतो. त्या पहिल्या साइटला मी रेटिंग देत नाही, फक्त माझे रिपोर्ट काढून टाका म्हणून दोन ईमेल केलेत, उत्तर नाही.

माझी पाचवी व्हिजिट येत्या १८ तारखेला आहे. नणंदेला दमा आहे, आता तिच्यासाठी बघतोय, ठाण्यात एक दिसलीय, भरती ओपन, नोंद गेल्याच महिन्यात अपडेट केलेली. तिचे फुफ्फुसाचे जुने रिपोर्ट सापडले की सोमवारी कोऑर्डिनेटरला फोन करणार आहे.